वाचकांचे प्रश्न : रोटरी इंजिनाचे तापमान आणि दाब नेमके कुठे मोजावेत?

मागील अंकात हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या आवडीच्या माझदा १३बी या रोटरी इंजिनाविषयी एक टिपण आले होते. त्यात संवेदकांचा विषय ‘तापमान व दाब यांचे आवश्यक ते संवेदक बसवावेत’ एवढ्या एका वाक्यात उरकला होता आणि नेमके तेच वाक्य वाचकांना खुपले. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

रोटरी इंजिन म्हणजे पहिल्या महायुद्धातील विमानांची गरगर फिरणारी इंजिनेच ना? मग फिरत्या इंजिनावर संवेदकाच्या तारा टिकतात कशा? — एक विद्यार्थी, नाशिक

नावाचा घोळ जुना आहे. फ्रान्सच्या नोम किंवा ल रोन या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला जखडलेला असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती फिरत असत. अशा सिलिंडरला तार जोडण्याचा प्रश्नच नव्हता. वैमानिकासमोर तेलाच्या नळीवर बसवलेली काचेची एक छोटी कुपी असे. पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिच्यातले एरंडेल वरखाली होई आणि त्यावरून तेल चालू असल्याचे समजे. ठोके मोजणाऱ्याला इंजिनाच्या वेगाचाही अंदाज येई. एका कुपीत दोन मापने बसवणारी ती सोय आजही हेवा वाटावी अशी आहे.

आमच्या टिपणातील रोटरी मात्र वँकेल जातीचे आहे. फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरून जर्मनीच्या एनएसयू कंपनीत असे पहिले इंजिन १९५७ मध्ये चालले. यात बाहेरचे हाउसिंग स्थिर असते आणि आत त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मधल्या विकेंद्री शाफ्टचे तीन फेरे होतात. हाउसिंग स्थिर असल्यामुळे तारांची अडचण येत नाही. अडचण वेगळीच आहे आणि ती पुढच्या पत्रात आली आहे.

मी अमेरिकेत ओहायो येथे दोन आसनी विमान बांधत असून त्यात १३बी बसवणार आहे. थर्मोस्टॅटजवळ (पाणी तापेपर्यंत मिटून राहणाऱ्या झडपेजवळ) कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा एक संवेदक आहे. तेवढा पुरेसा आहे का? हाउसिंगला छिद्र पाडून आणखी एक बसवावा का? — एक वाचक, मूळचे सांगलीचे

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : छिद्र पाडू नका. १३बीमध्ये लोखंडाच्या तीन तबकड्या आणि अॅल्युमिनियमची दोन रोटर हाउसिंग एकापुढे एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली असतात. त्यांच्या सांध्यांत पाण्याच्या बाजूचे रबरी सील बसलेले असतात आणि आतल्या पृष्ठभागावर क्रोमचा मुलामा असतो. ड्रिल थोडे जरी चुकले, तरी यांपैकी काहीतरी दुखावते आणि दुखावलेले हाउसिंग दुरुस्त न होता बदलावेच लागते.

आता मूळ मुद्दा. पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या एकाच भिंतीला आधी थंड मिश्रण लागते आणि मग ज्वाला लागते, त्यामुळे तिचे तापमान सरासरीकडे झुकते. वँकेल इंजिनात प्रत्येक क्रियेची जागा कायमची ठरलेली असते. स्पार्क प्लगांच्या बाजूला सतत ज्वलन चालते, तर मिश्रण आत येते त्या बाजूला ज्वाला कधीच पोहोचत नाही. म्हणजे एकाच हाउसिंगचा एक गाल कायम भाजत असतो आणि दुसरा कायम गार असतो. अशा इंजिनाचे ‘तापमान’ असा एकच आकडा नसतो. संवेदक तो ज्या ठिकाणी बसला आहे त्या ठिकाणापुरते सांगतो आणि त्या आकड्याचा अर्थ लावायचा, तर पाणी तिथपर्यंत कोणत्या वाटेने आले हे माहीत असावे लागते.

१३बीमध्ये पंपातून निघालेले पाणी पुढच्या बाजूने आत शिरते, प्लगांच्या तापलेल्या बाजूने मागे जाते, मागच्या तबकडीशी वळते आणि गार बाजूने पुढे परतून थर्मोस्टॅटपाशी येते. म्हणून आपला संवेदक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवतो. मुख्य आकडा म्हणून ही जागा योग्यच आहे; मात्र संवेदक थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडील बाजूस हवा, अन्यथा थर्मोस्टॅट मिटलेला असताना तो साचलेल्या पाण्याचे तापमान दाखवत राहील. त्याचे टोक प्रवाहात बुडलेले असावे. आडव्या फाट्याच्या आंधळ्या कोपऱ्यात किंवा हवा अडकणाऱ्या उंच वळणावर बसवलेला संवेदक शोभेपुरताच उरतो.

दुसरा संवेदक रेडिएटरमधून इंजिनाकडे परतणाऱ्या नळीवर बसवा. या दोहोंतील फरक फार बोलका असतो. समजा, पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मिनिटाला ७५ लिटर वाहत आहे आणि फरक १० अंश आहे, तर रेडिएटर सुमारे ४६ किलोवॅट उष्णता बाहेर टाकत आहे. चढाईत दोन्ही आकडे वाढले पण फरक तेवढाच राहिला, तर पाणी नीट वाहत असून रेडिएटरला हवा कमी पडत आहे. कावलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) तोंडे आणि रेडिएटरमागची झडप तपासावी. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान वाढले आणि फरकही रुंदावला, तर प्रवाह मंदावला आहे. पंपाचा पट्टा, आत ओढली गेलेली नळी किंवा अडकलेली हवा शोधावी. एकाच संवेदकावर विसंबणारा बांधणारा दोन्ही वेळा रेडिएटरलाच दोष देतो आणि मोठा रेडिएटर विकत आणतो.

प्लगांजवळच्या धातूचे तापमान हवेच असेल, तर प्लगखालच्या वॉशरच्या जागी बसणारे कडीच्या आकाराचे थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा संवेदक) मिळते. ते मूळ वॉशर काढून त्याच्या जागी बसवावे. दोन्ही एकावर एक ठेवल्यास प्लग मागे सरकतो.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही वर्षांपूर्वी एका चाचणीमंचावर मी एका इंजिनासमोर उभा होतो. कूलंटचा काटा ८२ अंशांवर शांत होता, तो हळूहळू ७० वर आला आणि आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहिले. तेवढ्यात कोणीतरी खाली बोट दाखवले. इंजिनाखालच्या पत्र्यावर हिरवे तळे साचले होते. नळीचा क्लॅम्प सुटून पाणी वाहून गेले होते, संवेदकाचे टोक रिकाम्या नळीत हवा खात होते आणि त्या हवेचे तापमान तो प्रामाणिकपणे कळवत होता. तोवर हाउसिंगचे सील करपले होते.

पाणी निघून गेल्यावर तापमानाचा संवेदक आंधळा होतो. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या विमान इंजिनावर कूलंटच्या दाबाचा संवेदक असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. पैसे एकाच जास्तीच्या संवेदकापुरते असतील, तर ते त्यावर खर्च करावेत. गळती सुरू होताच दाब पडतो, आणि तो तापमान बदलण्याच्या बराच आधी पडतो. याउलट दाब रेडिएटरच्या झाकणाच्या मर्यादेवर जाऊन तिथेच धडका देऊ लागला, तर ज्वलनाचा वायू सीलमधून पाण्यात शिरत असल्याचा संशय घ्यावा. हा संवेदक पंपाच्या पुढे बसवू नये, कारण तिथे पंपाने निर्माण केलेला दाब मिसळतो आणि आकडा इंजिनाच्या वेगाबरोबर नाचतो. विस्तार टाकी किंवा पंपाची शोषण बाजू ही त्याची योग्य जागा होय.

दाबाचे महत्त्व उंचीवर आणखी वाढते. ०.९ बारचे झाकण शाबूत असेल, तर समुद्रसपाटीला साधे पाणी सुमारे ११८ अंशांना उकळते आणि ३००० मीटर उंचीवर सुमारे ११३ अंशांना. मात्र त्याच उंचीवर झाकणाने दाब सोडला, तर ते ९० अंशांनाच उकळते. काटा ९५ दाखवत असेल आणि दाब शून्य असेल, तर हाउसिंगच्या तापलेल्या गालावर पाणी उरलेले नसून वाफ आहे, हे त्या दोन आकड्यांवरून कळते. एकट्या ९५ वरून ते कळले नसते.

तेलाच्या दाबासाठी मी इंजिनावर पितळी कोपरा, त्यावर टी, टीवर संवेदक आणि धोक्याच्या दिव्याचा स्विच असे बसवले आहे. मित्र म्हणतो काढ. का काढावे? — एक वाचक, पुणे

मित्राचे ऐकावे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात हा सगळा डोलारा इंजिनापासून हातभर लांब लोंबकळतो आहे आणि त्याचे वजन पहिल्या आट्याच्या मुळाशी येते. वँकेल इंजिन गुळगुळीत चालते हे खरे, पण पंखा, गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या पिळातून येणारी थरथर त्यालाही चुकलेली नाही. पितळ काही तास ती सोसते आणि मग आट्याच्या खाचेत बारीक तडा जातो. तिथून दाबाखालचे तेल फवाऱ्यासारखे उडते आणि शेजारी लाल झालेला एक्झॉस्ट असतो. पुढचे सांगायला नको.

इंजिनावर फक्त एक पोलादी जोड ठेवावा, त्यात सुमारे एक मिलिमीटरचे बारीक छिद्र असावे, तिथून लवचीक नळी फायरवॉलकडे (इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीकडे) न्यावी आणि संवेदक तसेच स्विच तिथे पक्के करावेत. नळी फुटलीच, तरी त्या बारीक छिद्रातून तेल इतके हळू जाते की उतरायला वेळ मिळतो. त्याच छिद्रामुळे पंपाचे ठोकेही गाळले जातात आणि काटा स्थिर राहतो.

जोड घेताना आटे पाहावेत. माझदाच्या तेलदाबाच्या छिद्राला ब्रिटिश जातीचे निमुळते आटे असतात, इंचाला २८ आणि कोन ५५ अंशांचा. विमानाच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक संवेदकांना अमेरिकन आटे असतात, इंचाला २७ आणि कोन ६० अंशांचा. दोन-अडीच फेरे एकमेकांत बसतात, घट्ट झाल्यासारखे वाटते आणि फसवणूक इथेच होते. शिवाय एकाच तारेचा संवेदक असेल, तर त्याची अर्थिंग धातूच्या आट्यांतूनच होते; टेफ्लॉनची पट्टी भरपूर गुंडाळल्यास तेल गळणे थांबते, पण काटाही कामातून जातो.

कुठला दाब मोजायचा हा प्रश्न मात्र मित्राने सोडून दिलेला दिसतो. १३बीमध्ये तेल पंपातून आधी कूलरमध्ये जाते, मग फिल्टरमधून बेअरिंगकडे येते. संवेदक कूलरच्या आधी बसवला, तर कूलर किंवा फिल्टर तुंबल्यावर दाब चढलेला दिसतो आणि बेअरिंग उपाशी मरते. म्हणून दाब फिल्टरनंतर मोजावा. तापमानासाठीही तीच जागा जवळ करावी, म्हणजे कूलरनंतर आणि इंजिनात शिरण्यापूर्वी. या इंजिनात रोटर आतून तेलानेच थंड होतात आणि थंड करण्याच्या व्यवस्थेतून जाणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग तेल वाहून नेते. तेव्हा तेलाचे तापमान हा इथे दुय्यम आकडा नाही, तो रोटरच्या प्रकृतीचा आकडा आहे. शिरणारे तेल १०० अंशांखाली ठेवावे, असा बांधणाऱ्यांमधला सर्वसाधारण संकेत आहे. तेलपात्रातला संवेदक आवडत असेल तर जरूर ठेवा, पण तिथला आकडा या संकेताशी ताडून पाहू नका. तिथे तापून खाली आलेले तेल असते.

एक्झॉस्टचे तापमान ९०० अंशांच्या वर जाते. पिस्टन इंजिनात ते ७५० च्या आसपास पाहिले आहे. इंजिनात बिघाड आहे का? — एक कार्यशाळा चालक, कोल्हापूर

बहुधा नाही. वँकेल इंजिनाची ज्वलनाची पोकळी लांबट आणि चपटी असते, ज्वलन रेंगाळते आणि १३बीचे एक्झॉस्टचे भोक अचानक उघडते, त्यामुळे वायू अजून तापलेला असतानाच बाहेर फेकला जातो. शिवाय चारस्ट्रोक पिस्टन इंजिनात एका सिलिंडरचा धूर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा निघतो, तर रोटरीत एका रोटरचा धूर प्रत्येक फेऱ्यात एकदा. मिनिटाला ६००० फेरे असताना नळीतल्या थर्मोकपलवर सेकंदाला १०० झोत येतात. त्याला थंड व्हायला उसंतच मिळत नाही, म्हणून सरासरीचा आकडा चढा दिसतो.

यासाठी के जातीचे, जाड आवरणाचे थर्मोकपल घ्यावे. भोकाला अगदी चिकटून बसवलेले टोक लवकर जळते. थोडे मागे बसवा, पण दोन्ही रोटरांसाठी भोकापासूनचे अंतर तंतोतंत सारखे ठेवा आणि दोन्ही नळ्या एकत्र येण्याच्या आधी ठेवा. या आकड्याचा खरा उपयोग दोन रोटरांची तुलना करण्यासाठी आणि मिश्रण पातळ करताना, म्हणजे त्यातले इंधन कमी करताना, आकडा कुठे शिखर गाठतो ते पाहण्यासाठी आहे. एका टोकाची जागा दोन बोटे पुढे असली, की निरोगी रोटर आजारी ठरतो.

आपल्या आकृतीत थर्मोकपलपासून मीटरपर्यंत साधी तांब्याची तार दिसते, तो मात्र दोष आहे. के जातीला के जातीचीच तार लागते. इंजिनाजवळचा सांधा ८० अंशांवर आणि मीटर २५ अंशांवर असेल, तर तांब्याच्या तारेमुळे आकडा सुमारे ५५ अंशांनी कमी दिसतो. योग्य तार आणून दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर चूक दुप्पट होते, सुमारे ११० अंशांची, आणि काटा उलटा न फिरता सरळ चढत असल्याने कोणाला शंका येत नाही. अमेरिकन रंगपद्धतीत लाल तार ऋण असते. घरातल्या वायरिंगची सवय असलेला हात लाल तार धनाला नेतो. मीही नेली आहे.

अहिल्यानगरच्या संस्थेने वैमानिकरहित विमानासाठी वँकेल इंजिन बनवले होते असे ऐकतो. लहान इंजिनात संवेदक कमी लागतात का? आणि ज्वलनाचा दाब थेट का मोजत नाहीत? — एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर

ऐकलेले खरे आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाला आरंभी ब्रिटिश इंजिन होते. पुढे बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, आपल्या गावची वाहन संशोधन व विकास संस्था आणि वैमानिकी विकास संस्था यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे देशी वँकेल इंजिन तयार केले आणि एप्रिल २००९ मध्ये कोलार येथे निशांत त्यावर उडाले.

या वर्गातील अनेक लहान इंजिनांत रोटर तेलाऐवजी हवेने थंड होतो. हवा रोटरच्या पोटातून ओढली जाते. तिथे तेलाच्या तापमानाची जागा रोटरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान घेते. फिरत्या रोटरला संवेदक चिकटवणे अवघड, पण त्याच्या पोटातून आलेली हवा त्याची बातमी घेऊन येतेच. वैमानिक नसलेल्या विमानात वास घेणारे नाक आणि थरथर ओळखणारा हात नसतो, म्हणून संवेदक कमी करण्याचा मोह तिथे उलट अधिक महागात पडतो.

ज्वलनाचा दाब प्रयोगशाळेत मोजतात. अडचण अशी, की पोकळी स्वतःच सरकत असते. एका पोकळीचे चक्र शाफ्टच्या १०८० अंशांत पूर्ण होते, पण हाउसिंगवरच्या एका बिंदूसमोर ती ३६० अंशच राहते. मग रोटरच्या टोकाचे सील त्या बिंदूवरून घासत जाते आणि पुढची पोकळी समोर येते. संपूर्ण चक्र हवे असेल, तर हाउसिंगभोवती अनेक संवेदक लावून त्यांचे तुकडे शाफ्टच्या कोनानुसार जोडावे लागतात. शिवाय दाबविद्युत जातीचा संवेदक दाबातला बदल सांगतो, मूळ पातळी सांगत नाही. ती आत येणाऱ्या हवेच्या निरपेक्ष दाबावरून ठरवावी लागते. उडत्या विमानात हा खटाटोप कोणी करत नाही.

कार्यशाळेत मात्र याच गोष्टीचा एक सोपा अवतार भेटतो. साधा कॉम्प्रेशन गेज प्लगच्या छिद्राला लावला, की तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब धरून बसतो आणि दोन बाजू ढिल्या असल्या तरी शाबासकी देतो. गेजमधली दाब धरून ठेवणारी झडप दाबून ठेवावी आणि काट्याच्या उड्या पाहाव्यात. सलग तीन उड्या सारख्या असाव्यात.

नवे संवेदक बसवण्याआधी घरी तपासता येतात का? — एक वाचक, सातारा

तापमानाचे येतात. आधी बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या काल्यात शून्य पाहा, मग उकळत्या पाण्यात. मात्र उकळबिंदू १०० धरू नका. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते आणि महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास, त्यामुळे आपल्या गावाच्या उंचीचा हिशेब करावा. संवेदक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये. तो दोऱ्याने टांगावा, आणि विमानात लागणार तीच तार व तेच मीटर जोडून तपासावा, कारण संवेदक एकटा बरोबर असून चालत नाही. दाबाच्या संवेदकासाठी सायकलचा पंप आणि विश्वासाचा गेज एका टीवर जोडला, तरी २ बारपर्यंतची तपासणी होते आणि कूलंटसाठी तेवढी पुरते. तेलासाठी अधिक दाब लागतो. ते काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे.